झोळीत मावणारं गणित : गणेश दैवज्ञ

मासिकाच्या मराठी विभागासाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा आमच्या विंगमधल्या सगळ्यांनी गृहीत धरलं की मी विश्वेश्वरय्या नाहीतर कलाम सरांवर लिहिणार. दोघंही थोरच, पण त्यांच्यावर दर दोन अंकांआड एक लेख येतोच. मी ज्यांच्यावर लिहितेय ते पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेले. पंचांग करणाऱ्यांच्या घरात त्यांचं नाव आजही आदराने घेतात आणि आपल्या एकाही टेक्स्टबुकात ते नाहीत. त्यांचं नाव गणेश दैवज्ञ. गाव नांदगाव, कोकणात, मुरुड-जंजिऱ्याजवळ. त्यांनी काय केलं ते आपल्या भाषेत सांगायचं तर प्रवासात नेता येईल असा कॉम्प्युटर बनवला. त्या काळी शक्य होता तसा, अर्थातच.

मी पडले कॉन्व्हेंटची. शके म्हणजे काय आणि त्यात ७८ मिळवले की आपलं इसवी सन येतं, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. त्यामुळे खाली जिथे शके येईल तिथे कंसात सन देतेय. माझ्यासारखे आणखी बरेच असतील, लाजू नका.

आपण होस्टेलवरून घरी निघतो तेव्हा बॅगेत लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, पॉवर बँक, माउस, पेन ड्राइव्ह आणि गावाला लाइट गेली तर म्हणून आणखी काहीबाही असतं. मेहकरच्या एस.टी.त ती बॅग मांडीवर घेऊन तीन तास बसलं की एकच विचार येतो, यातलं काय मागे ठेवलं असतं तर चाललं असतं? गणेश दैवज्ञांनी जन्मभर हाच प्रश्न सोडवला असं मला वाटतं.

त्यांचा ग्राहक कोण ते आधी बघू. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार असायचे तसाच एक जोशी असायचा. आज तिथी कोणती, एकादशी कधी, ग्रहण दिसणार का, लग्नाचा मुहूर्त कोणता, हे सगळं गाव त्याला विचारणार. छापील पंचांग नव्हतंच. पंचांग त्यानेच करायचं, आणि हाताशी काय? धूळपाटी, बोटं आणि पाठ केलेले श्लोक. मोठ्या सिद्धांतग्रंथांतून ग्रह काढायचा तर सुरुवात अहर्गणापासून होते. अहर्गण म्हणजे एका ठरलेल्या आरंभापासून आजपर्यंत गेलेले दिवस. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत हा आरंभ कल्पाचा, त्यामुळे अहर्गण येतो बारा आकडी! त्याला तशाच एका मोठ्या संख्येने गुणा, दुसरीने भागा, आणि हे प्रत्येक ग्रहासाठी वेगळं करा. पुढे ज्या हवी, म्हणजे आपला साइन, त्याचं कोष्टक सांभाळा. धुळीत बोटाने लिहिताना एक आकडा पुसला गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सिद्धांताच्या जोडीला करण नावाचे आटोपशीर ग्रंथ असत. जवळचं एखादं वर्ष आरंभ धरायचं आणि तिथून पुढे मोजायचं. खुद्द भास्कराचार्यांनीही करणकुतूहल लिहिलं, त्याचा आरंभ शके ११०५ (११८३). पण ज्येचा वापर त्यातही होताच.

गणेशांचे वडील केशव दैवज्ञ, आई लक्ष्मी. केशव स्वतः मोठे ज्योतिषी होते. त्यांच्या ग्रहकौतुक या करणग्रंथाचा आरंभ शके १४१८ (१४९६) आहे. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडलं ते हे की ते ग्रंथावर न थांबता आकाशाकडे बघत बसायचे. कोणता ग्रह कोणत्या ताऱ्याजवळ आला, पोथीतल्या गणिताप्रमाणे तो कुठे असायला हवा होता आणि किती चुकला, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. नांदगावच्या बाजूला एक आख्यायिका सांगतात की केशवांनी वर्तवलेलं एक ग्रहण चुकलं, लोक हसले, तेव्हा त्यांनी तिथल्या गणपतीची आराधना केली आणि मग हा मुलगा झाला, म्हणून नाव गणेश. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण घरात गणित चुकल्याची सल होती आणि मुलगा ती घेऊन वाढला, एवढं त्यातून मी घेते.

गणेशांचा जन्म शके १४२९च्या (१५०७) सुमाराचा मानतात. त्यांचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ ग्रहलाघव. लाघव म्हणजे हलकेपणा, नावातच सगळं आलं. त्याचा आरंभ शके १४४२ (१५२०), त्यावरून त्यांनी हा ग्रंथ तेराव्या वर्षी लिहिला असं म्हणायची पद्धत आहे. आरंभवर्ष म्हणजे जिथून मोजायला लागायचं ते वर्ष, लिहून संपवल्याचं नव्हे, त्यामुळे मी तेराव्या वर्षावर फार भर देत नाही. ज्यांना बाल-जीनियसच्या गोष्टी आवडतात त्यांनी खुशाल द्यावा.

ग्रहलाघव करताना त्यांनी पहिली गोष्ट केली ती वडिलांच्या आणि स्वतःच्या वेधांवरून आकडे निवडायची. त्या काळी ज्योतिषात सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष होते आणि आपापला पक्ष लोक धर्मासारखा सांभाळायचे. गणेशांनी सरळ तिन्हींची मोडतोड केली. सूर्य सौरपक्षातून घेतला. चंद्रही सौरातून, पण नऊ कला कमी करून (६० कलांचा एक अंश). मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षातून. बुध ब्राह्मपक्षातून. शनी आर्यपक्षातला, पण त्यात पाच अंश मिळवून. आणि शुक्रासाठी ब्राह्म आणि आर्य यांच्या बरोब्बर मधला आकडा! असं केलं की ग्रह डोळ्यांना दिसतात तिथे येतात, हे एवढंच कारण त्यांनी दिलं. पाच अंश म्हणजे किती? हात लांब करून धरलेली मधली तीन बोटं. एवढा शनी पोथीत चुकत होता आणि तरी लोक पोथीच बरोबर मानत होते.

आता खरी कारागिरी. बारा आकडी अहर्गणाचं त्यांनी काय केलं? अकरा वर्षांत १३६ चांद्रमहिने येतात, म्हणजे ४०१६ दिवस. या गठ्ठ्याला त्यांनी चक्र म्हटलं. चालू शकातून १४४२ वजा करा, अकराने भागा, भागाकार ती चक्रं, आणि दिवस मोजायचे फक्त उरलेल्या वर्षांचे. प्रत्येक चक्रामागे ग्रह किती सरकतो तो आकडा तयार दिलेला, आरंभीचा ग्रह कुठे होता तोही दिलेला. उदाहरणार्थ, २०२६च्या गुढीपाडव्याला शके १९४८ लागला. त्यातून १४४२ गेले, राहिले ५०६. अकराने भागलं तर बरोबर ४६, बाकी शून्य. म्हणजे त्या पाडव्याला गणेश दैवज्ञांचा काउंटर शेहेचाळिसाव्यांदा शून्यावर आला. हा काउंटर चार हजारांच्या आसपास पोचला की पुन्हा शून्य. कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको, ४०९६च्या आत म्हणजे बारा बिट. बारा आकड्यांवरून बारा बिटांवर!

वर त्याला चेकसमसुद्धा आहे. अहर्गण काढताना एखाद्या दिवसाची चूक सहज होते. म्हणून चक्रांच्या पाचपटीत अहर्गण मिळवायचा आणि सातने भागायचं. बाकी शून्य तर सोमवार, एक तर मंगळवार. आजचा वार जुळला नाही तर एक दिवस पुढेमागे करायचा. ४०१६ला सातने भागलं की बाकी पाच राहते, म्हणून पाचपट. मी हे पहिल्यांदा सोडवलं तेव्हा रूमवर एकटीच टाळ्या वाजवत होते.

आणि आकडे श्लोकात कसे घातलेत? शब्दांनी. अब्धी म्हणजे समुद्र, समुद्र चार, म्हणून अब्धी चार. इंद्र चौदा. ईश, म्हणजे रुद्र, अकरा. दोन, अब्धी, इंद्र असं म्हटलं आणि मागून वाचलं की १४४२. नक्कल करणाऱ्याने दोनाचा तीन केला तर कुणाला कळणार नाही, पण वृत्तात बसवलेला शब्द बदलला तर लय मोडते आणि लगेच कळतं. शिवाय पाठ केलेल्या श्लोकाला वजन नसतं, पावसात भिजत नाही.

ज्येचं काय केलं ते तर मास्टरपीस आहे. सूर्याचं मधलं स्थान काढलं की त्यात एक दुरुस्ती करावी लागते, ती साइनच्या प्रमाणात कमीजास्त होते. गणेश म्हणतात, कोन अंशांत घ्या आणि नवाने भागा. आलेली संख्या वीसमधून वजा करा आणि त्याच संख्येने गुणा. हा झाला गुणाकार. त्याचा नववा भाग ५७मधून वजा करा, जे उरेल त्याने गुणाकाराला भागा. बस्स, उत्तर अंशांत. कोन ९० घेऊ. नवाने भागून १०. वीसमधून १० गेले १०, दहा गुणिले दहा १००. नववा भाग ११.११, तो ५७मधून गेला, ४५.८९. शंभरला त्याने भागलं की २.१८ अंश. आता ३० अंश घ्या, येतात १.०९. ३०चा साइन अर्धा, आणि २.१८चं अर्ध १.०९! ६० अंशांना सूत्र १.८९ देतं, कॅल्सीवरून साइन घेऊनही तेवढंच येतं. धुळीत बोटाने करता येईल असा गुणाकार-भागाकार, त्यात साइनचं कोष्टक कुठेच नाही. या सूत्राचं मूळ सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराकडे जातं, पण सगळा ग्रंथच ज्येवाचून तडीस नेणं हे गणेशांचं. मंगळ, बुध वगैरेंसाठी दर १५ अंशांना एक आकडा दिला, तोही दहापट करून, म्हणजे अपूर्णांकाची कटकट नको. मधलं आपण इंटरपोलेट करायचं.

गणित झालं, आता घड्याळ. गणेशांनी प्रतोदयंत्रावर एक छोटी रचना केली आहे. प्रतोद म्हणजे चाबूक, त्यामुळे त्याला चाबूकयंत्रही म्हणतात. चाबकाच्या मुठीसारखा गोल दांडा, वरच्या टोकाला आडवी बसणारी खुंटी, आणि दांड्यावर उभे रकाने कोरलेले, वर्षाच्या वेगवेगळ्या काळासाठी वेगवेगळे. ज्या दिवसात आहोत त्या रकान्यावर खुंटी लावायची, दांडा उभा धरायचा आणि खुंटीची सावली सरळ खाली त्या रकान्यात पडेल असा वळवायचा. सावली जिथवर पोचली तिथला आकडा म्हणजे सूर्योदयापासून गेलेल्या घटका, दुपारनंतर असेल तर सूर्यास्ताला उरलेल्या. एक घटका २४ मिनिटांची. याची गंमत अशी की जमीन सपाट करायला नको, उत्तर दिशा शोधायला नको. जमिनीत रोवलेल्या शंकूला हे सगळं लागतं. इथे फक्त सूर्याची उंची मोजली जाते, खुंटीची लांबी गुणिले टॅन. म्हणून प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात ते शोभतं, घोड्यावर बसलेल्याच्या तर जास्तच. युरोपातल्या मेंढपाळांकडेही असाच दांडा असायचा.

एक अडचण आहेच. अशा यंत्रावरचे रकाने एका अक्षांशापुरते कोरलेले असतात. गाव बदललं की दिवसाची लांबी बदलते. ग्रहलाघवात मात्र गावाचा सगळा हिशोब एका आकड्यात बसवलाय, त्याचं नाव पलभा. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, भर माध्यान्ही, बारा अंगुळं उंच काठीची सावली किती अंगुळं पडते तेवढीच. नांदगावची पलभा जवळजवळ चार येते. मेहकरची मी आमच्या गच्चीवर मोजली, २१ मार्चला, बारा इंची फूटपट्टी उभी करून. आपल्याकडचा खरा माध्यान्ह घड्याळात बाराला येत नाही, साडेबाराला येतो, कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि मेहकर साडेशहात्तरवर. सावली साडेचार इंचांना किंचित कमी भरली. अक्षांशावरून हिशोब केला तर ४.४ येते. कुरडयांची जागा अडवली म्हणून आईने मला खाली हाकललं, त्यामुळे दुसरं रीडिंग नाही. पण पुढचं गणित खालीही झालं. ४.४ला १०, ८ आणि ३⅓ने गुणलं की ४४, ३५ आणि १५, बेरीज ९४ पळं. अडीच पळांचं एक मिनिट. म्हणजे जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मेहकरचा सूर्य स्थानिक सहाच्या ३८ मिनिटं आधी उगवणार. गोलीय त्रिकोणमिती वापरून हेच उत्तर येतं, फक्त एक पान जास्त लागतं.

कुणी म्हणेल, असले शॉर्टकट आम्हीही परीक्षेच्या आदल्या रात्री काढतो. फरक असा की गणेशांना लांबचा रस्ता तोंडपाठ होता. शके १४६७ (१५४५) मध्ये त्यांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. तिच्यात ते भास्कराचार्यांच्या नियमांच्या उपपत्ती देतात, म्हणजे हे असं का ते दाखवतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ घ्या. वर्तुळाचे पापडासारखे दोन अर्धे करायचे, प्रत्येकाला मध्यापासून चिरा पाडून उलगडायचं, आणि दातेरी कंगव्यासारखे ते एकमेकांत बसवायचे. झाला आयत, अर्धा परीघ गुणिले त्रिज्या. ज्याला मूळ माहीत असतं त्यालाच किती छाटलं तर झाड मरणार नाही ते कळतं.

बाकी त्यांच्या कामांची यादी मोठी आहे, सगळी देत बसत नाही. तिथिचिंतामणी मात्र सांगायलाच हवा, लघु शके १४४७चा (१५२५) आणि बृहत् शके १४७४चा (१५५२). थोडे श्लोक आणि बाकी कोष्टकंच कोष्टकं. तिथी, नक्षत्र, योग नुसत्या बेरजा करून काढायचे. याला आपण लुकअप टेबल म्हणतो.

ग्रहलाघव महाराष्ट्रभर तर गेलाच, गुजरात-कर्नाटकातही गेला. गोदावरीकाठच्या गोलग्रामचे दिवाकर गणेशांकडे शिकले, त्यांच्या मुलांपैकी मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या. आणि आपल्या विदर्भाचा धागा हा बघा. एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ, पयोष्णीकाठी दधिग्राम नावाचं गाव होतं. तिथल्या घराण्यातले कृष्ण दैवज्ञ याच शिष्यपरंपरेत शिकले, भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्यांनी टीका लिहिली आणि पुढे जहांगीर बादशहाच्या दरबारात मान मिळवला. पयोष्णी म्हणजे पूर्णा, जी आपल्या बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहते.

आता दुसरी बाजू. इतकं छाटलेलं गणित कायम बरोबर राहील का? नाही, आणि हे गणेशांना पक्कं माहीत होतं. बृहत्तिथिचिंतामणीत त्यांनी आधीच्या आचार्यांची साखळी सांगितली आहे. एकाचं गणित काळाने ढिलं झालं, दुसऱ्याने आकाश बघून घट्ट केलं, असं करत करत वडिलांपर्यंत आणि स्वतःपर्यंत. मग पुढच्यांसाठी सूचना आहे की माझंही बऱ्याच काळाने ढिलं होईल, तेव्हा चंद्राची ग्रहणं आणि ग्रहांच्या ताऱ्यांशी युती परत परत बघून दुरुस्त करा.

म्हणजे किटसोबत मेंटेनन्सचं पानही दिलं होतं. लोकांनी किट उचललं, पान मागे ठेवलं.

काय काय ढिलं झालं? ग्रहलाघवात अयनांश काढायला शकातून ४४४ वजा करून तेवढ्या कला घेतात, म्हणजे वर्षाला ६० विकला. खरी गती वर्षाला ५० विकलांच्या जरा वर. वर्षाला दहा विकला म्हणजे काहीच नाही, पण चारशे वर्षांत एक अंश ओलांडतो. चंद्राचं तर आणखी मजेशीर. चंद्राच्या गतीतली एक मोठी चढउतार त्या सूत्रात नव्हती, पण अमावास्या-पौर्णिमेला ती आपोआप सांभाळली जाते. कसोटी मुख्यतः ग्रहणांवर लागायची, आणि ग्रहणं नेमकी त्याच दिवशी. त्यामुळे सूत्र पास होत राहिलं आणि अष्टमीच्या आसपासची तिथी मात्र काही घटका पुढेमागे होत राहिली. टेस्ट केस कमी घेतल्या की काय होतं ते प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तीनशेहून जास्त वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं याच ग्रंथावर निघत राहिली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६०मध्ये ग्रहसाधनाची कोष्टकं छापली आणि १८६५पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने आकाशाशी जुळणारं पंचांग सुरू केलं, तेच पटवर्धनी पंचांग. घरोघरी ते लगेच गेलं नाही. जुन्या-नव्या पंचांगांचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला, केरूनानांचे विद्यार्थी लोकमान्य टिळकही त्यात होते. १८९६मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं भारतीय ज्योतिषशास्त्र आलं. त्यात त्यांनी केशव आणि गणेश या बापलेकांना मोकळेपणाने श्रेय दिलं, आणि ढिलं झालेलं तेही लिहिलं.

केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. तिथून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की मुरुडच्या आधी नांदगाव लागतं.